पितळ नव्हे, ब्राँझ

अध्यक्ष माननीय अनिरुद्धराव गोळे, प्रमुख पाहुण्या मंदाकिनीताई, आजचे सत्कारमूर्ती रंगराव, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या कौशल्यावहिनी, आणि पंखा बघून जागा पकडलेल्या सभासदांनो,

मी सत्यशीला, या वाचनालयाची मुख्य लिपिक. दोन मिनिटं मिळाली आहेत. चार घेईन.

रंगराव कागदावर शिपाई. पण चौतीस वर्षं खडकवासल्याहून बसने येऊन या इमारतीच्या ब्राँझच्या मुठी, कड्या, बिजागऱ्या यांनीच राखल्या. आधी कोरडं फडकं, मग मेणाचा पातळ हात, पुन्हा फडकं. पावसाळा सरला की बिजागरीला तेलाचा एक थेंब. ‘मुठीवर पिशव्या टांगू नयेत, मूठ आपली नोकर नाही’ ही पाटीही त्यांचीच. वाचली असेलच, पाळली नसेल.

मी नवीन असताना हौसेने चिंच-मीठ घेऊन दाराची मूठ घासायला निघाले होते. रंगरावांनी चिंच काढून घेतली. म्हणाले, "बाई, ही आमटीत घाला. ह्यो तपकिरी रंग मळ न्हाय, धातूची कातडी हाय."

एवढं शिकून मी काय केलं? दुरुस्तीच्या अर्जात सामानाच्या रकान्यात लिहिलं, ‘पितळी’. सवयीने. पितळ म्हटलं की घासून चकचकीत करायचं, म्हणून तशाच कामावर सही झाली, ठेकेदार ठरला. परवा सोमवारी सगळं सामान उतरवून आम्लात बुडवणार आणि मशीनवर घासणार. अध्यक्षमहाराज, मी तीनदा आपल्याकडे आले. आपण म्हणालात, "चकचकीत झालं तर बिघडलं कुठं?"

सांगते. काल ठेकेदाराने नमुन्याला उत्तरेची एक खिडकी करून दिली. पिवळीधमक. खिट्टीवर कोरलेली वेल निम्मी पुसली गेली. रंगरावांनी तिच्यावर बराच वेळ अंगठा फिरवला. मग खिशातलं फडकं माझ्या टेबलावर ठेवलं. "बाई, आता हे कशाला हाय?"

मला त्यांच्याकडे बघवेना. पितळ उघडं पडतं म्हणतात ना, ते माझं पडलं होतं. आज आपण रंगरावांना शाल आणि नारळ देतोय. सोमवारी त्यांच्या चौतीस वर्षांनाही नारळ मिळणार. एकदा घासलं की ती कातडी पुन्हा यायला माझं आयुष्य पुरायचं नाही हो.

अर्ज मी आणला आहे. ‘पितळी’ खोडून ‘ब्राँझ’ लिहिलं आहे, खाली ‘काम थांबवावे’. फक्त आपली सही हवी. पेनही आहे. सत्काराच्या सभेत असं हात जोडू नयेत, कळतं मला. पण उद्या रविवार. कार्यालय बंद. मग मी जाऊ कुठे?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात चुकलं ते मात्र पोटात घालू नका, अध्यक्षमहाराज. ते आत्ता, इथे, रंगरावांच्या समोर दुरुस्त करा.