डाव्या खिशातला चाकू

ताई : ते सगळं नंतर. आधी मला सांग, चाकू डाव्या खिशाला कोणी लावला?

धाकटा : ताई, घोटभर चहा दे गं आधी. दातावर दात आपटतायत माझे.

ताई : घे. सावकाश पी, भाजेल. तुझा सूट उतरवायला गेले तर चाकू डावीकडे. इतकी वर्षं कॉम्प्रेसरपाशी बसून तुला हवा पुरवतेय मी. पाण्यात उतरण्याआधी तुझा एकेक पट्टा ओढून बघते. सकाळी चाकू उजव्या खिशाला होता.

धाकटा : होता.

ताई : मग?

धाकटा : दाजी, सांगा ना तुमच्या बायकोला. जरा दम खाऊ द्या म्हणावं.

दाजी : बोल तू. मलाही ऐकायचंय.

धाकटा : तुम्ही काय ऐकणार? तुमच्या तर हातात दोरी होती.

दाजी : म्हणूनच ऐकायचंय.

धाकटा : बरं. खाली गेलो. पंपाच्या विहिरीत नदीचं पाणी शिरतं त्या तोंडाशी ती लोखंडी जाळी आहे ना, तिथपर्यंत सगळं नेहमीसारखं. पाणी म्हणजे नुसता गाळ. नाकापुढे धरलेला हात दिसत नव्हता. डोळे असून नसल्यासारखेच, सगळं चाचपून बघायचं. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले तेच निघालं. कुणा कोळ्याचं तुटकं जाळं नदीतून वाहत आलंय आणि सळ्यांना गुंडाळलंय. वर पालापाचोळा, फांद्या. पाणी आत यायची वाटच बुजलीय, मग पंप ओढणार काय, कपाळ? चाकू काढला आणि लागलो कापायला.

ताई : उजव्या हाताने.

धाकटा : नाही, पायाने! अगं, डाव्या हाताने सळई धरलेली. खाली एक हात कायम सळईला लागतोच, म्हणून तर हा चाकू. अंगठ्याने पात्यावरचं बोंड ढकललं की पातं बाहेर. टक् करून मुठीतली पट्टी पात्यामागे बसली की मग बापजन्मात मिटत नाही. काम झालं की अंगठ्यानेच पट्टी बाजूला सारायची, मिटायचा, खिशाला अडकवायचा. दुसऱ्या हाताचं कामच नाही.

ताई : मग मिटलास का?

धाकटा : बरंचसं कापून झालं होतं. वाटलं, आता सुटलेला भाग हाताने ओढून काढावा. चाकू मिटून उजव्या खिशाला लावला आणि सळ्यांमधून हात आत घातला. तिथेच घात झाला. जाळं आतून आवळलं. कोपरापर्यंत गेलेला हात मागे येईना. जितका ओढावा तितका फास घट्ट.

ताई : डाव्या हाताने चाकू काढायचा होतास.

धाकटा : पोचतोय कुठे? तूच उभी राहून बघ. उजवा हात पुढे अडकलेला, छाती लोखंडाला चिकटलेली, उजवी कंबर दाबलेली. डावा हात अंगावरून पलीकडे नेला, तर बोटांची टोकं तेवढी क्लिपला लागली. आणि हाती आला असता तरी काय? हा चाकू उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेला. डाव्या हातात घेतला की पट्टी भलत्या बाजूला येते. अंगठा तिथे पोचतच नाही. तर्जनी वाकडी करून रेटावी लागते, आणि तीच तर्जनी पात्याच्या वाटेत.

ताई : माहितेय मला.

धाकटा : तुला गं कसं माहीत?

ताई : तू पुढे बोल.

दाजी : थांब. मला एक सांग. दोरीला झटके किती दिलेस?

धाकटा : एकही नाही.

दाजी : नीट आठव.

धाकटा : दाजी, दोरी माझ्या पाठीमागे. चाकूसाठी क्षणभर सळई सोडली तेवढीच. दोरी चाचपून धरायची तर ती बराच वेळ सोडावी लागली असती, आणि मग अख्खं अंग त्या फासावर लोंबकळणार. चार झटके देऊन वर ओढायला सांगायचं मनात होतं. पण हात मोकळा होता कुठे?

दाजी : मला झटके येत होते.

ताई : अहो, काय सांगताय?

दाजी : दोन. मग परत दोन. दोन म्हणजे ढील दे. मला वाटलं, याला जाळीच्या पलीकडे जायचंय. दिली ढील. परत दोन. परत दिली.

धाकटा : मी नाही मागितली.

दाजी : तेच म्हणतोय मी.

ताई : आणि मला बोलला नाहीत?

दाजी : काय बोलणार? खालून खूण आली की ती पाळायची, विचार करायचा नाही. पण नंतर नंतर मला ते झटके ओळखीचे वाटेनात. हा झटका देतो तो हिसका मारल्यासारखा, तापट. हे झटके शांत होते. सवड असल्यासारखे. म्हणून ढील थांबवली आणि ओढायला लागलो.

धाकटा : तोवर मी सुटलो होतो.

ताई : कसा?

धाकटा : हसू नकोस.

ताई : मी हसतेय असं वाटतंय तुला?

धाकटा : टक् असा आवाज आला. पातं उघडून पट्टी बसल्याचा. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडूनच येतो. पण माझा चाकू मी झोपेतही ओळखीन. मी कमरेशी हात नेला. खिसा रिकामा.

ताई : पडला असेल. पडताना उघडला असेल.

धाकटा : मलाही तसंच वाटलं, म्हटलं आता संपलं सगळं. आणि मग जाळं कापायचा आवाज यायला लागला. कर्र... कर्र... एकेक दोरा. माझ्या मनगटाभोवती, मग कोपराकडे. घाई नाही, गडबड नाही. रोजचं काम असल्यासारखं. हा बघ हात. आवळल्याचे वळ आहेत. पात्याचा एक ओरखडा सापडतो का बघ.

ताई : नाही.

धाकटा : मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. म्हटलं, कोणी का असेना, दचकायला नको.

दाजी : हात लागला का कुणाचा?

धाकटा : नाही. हात नाही. पण माझा हात मोकळा झाल्यावर मांडीवर काहीतरी टेकलं. या डाव्या मांडीवर. कठीण, अरुंद. पात्याची पाठ होती ती. मांडीवर टेकवून वरून जोर दिला आणि पातं आत गेलं. माझ्या मांडीवर मिटला गं चाकू. मग डाव्या खिशाशी क्लिप सरकल्यासारखं झालं, आणि दाजींनी वर ओढलं.

ताई : मांडीवर टेकवून मिटला?

धाकटा : हो. कोण मिटतं असं?

ताई : तू तेव्हा लहान होतास. आपल्या दादाच्या सगळ्या पँटींना डाव्या मांडीवर ठिगळ असायचं. मीच लावायचे. नवी पँट घेतली तरी पावसाळ्याआधी तिथेच विरायची. आई ओरडायची, म्हणायची, मांडीला दात फुटलेत का तुझ्या? डावखुरा होता तो. चाकू सगळे उजव्या हाताच्या माणसांचे. तर्जनीने पट्टी रेटायची आणि पातं मांडीवर टेकवून दाबायचं, अशी त्याने आपली युक्ती काढली होती. डाव्या खिशाला लावायचा. बोटावर कायम चिंधी बांधलेली.

धाकटा : ताई, नको ना.

ताई : तूच सांगितलंस. मी नाही.

धाकटा : पण दादा इथे नाही गेला. तो तिकडे, पुलाच्या खांबाखाली कामाला उतरला तेव्हा...

ताई : नदी हीच आहे. पूल वरच्या अंगाला, आपण खालच्या. तो सापडला कुठे? आईने डोळे मिटेपर्यंत त्याचं ताट वाढलं. लोकांनी समजावलं, रागावले, पण ताट काही थांबलं नाही. आता कळतंय, तिचं काही चुकलं नव्हतं. धाकट्याला सोडवायला आला तो. शेवटी रक्ताचंच नातं. आला की नाही?

धाकटा : मग मी परत उतरतो.

दाजी : नाही.

धाकटा : थोडंच जाळं राहिलंय दाजी. गावातले नळ कालपासून कोरडे आहेत. आणि दादाच असेल तर मला भीती कसली?

दाजी : मी नाही म्हणालो.

ताई : अहो, त्यानेच तर वाचवलं याला!

दाजी : तू जरा इकडे ये. दोघंही या. मी हे दाखवणार नव्हतो. ही दोरी बघा. याच्या पाठीला जिथे बांधली होती, तिथून वीतभर वर.

धाकटा : ही... सळईला घासली असेल.

दाजी : घासलेली दोरी पिंजते. ही कापलीय. तीन पेड असतात, दोन गेलेत. तिसऱ्यालाही पातं लागलंय. एवढ्यावर तुला वर ओढलं मी. आणि काप कुठल्या बाजूला कललाय ते बघ. तू कापतोस तेव्हा असा कलतो. हा उलटा आहे.

ताई : दादा असं करणार नाही.

दाजी : मी कुठे म्हणतोय मुद्दाम केलं? पुलाखाली गेला तेव्हाही नुसती दोरीच वर आली होती. कापलेली. सगळे म्हणाले, अडकला असेल, अंधारात जाळं समजून आपलीच दोरी कापून बसला. त्याला काही दिसत नाही गं. जे हाताला लागेल, ते कापत सुटायचं, एवढंच त्याला माहीत.

धाकटा : मग ती ढील?

दाजी : ढील का मागत होता, ते मला विचारू नकोस.

धाकटा : ताई, तू काहीतरी बोल.

ताई : काय बोलू? खरं सांगू? मघाशी एक क्षण मनात आलं, तुला परत सोडावं. त्याला निरोप द्यावा. आई गेली म्हणून सांगावं. बहीण म्हणून मी इतकी वाईट झाले एका क्षणात. एकाची ख्यालीखुशाली विचारायला दुसऱ्याला पाठवायला निघाले.

धाकटा : अगं, रडू नकोस.

ताई : रडत नाहीये. सूट आत ठेव. वजनाचा पट्टा सोड. अहो, ती दोरी कापून टाकू नका, तशीच राहू दे.

(पंपघरातला फोन वाजतो.)

दाजी : साहेबच असणार. मी बोलतो. जाळं अर्धं निघालंय, उरलेल्यासाठी दुसरे बघा म्हणतो.

ताई : म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं माणूस खाली जाणार? द्या इकडे तो फोन. हॅलो. हो, मीच बोलतेय. नाही साहेब, काम झालं नाही... ऐका. नदीकडची वरची झडप बंद करा आणि विहीर उपसा. पूर्ण कोरडी होईपर्यंत... हो, कळतंय मला, पाणी नाही म्हणून लोक बोंब मारणार. माझं नाव सांगा त्यांना. पण आता तिथे पाण्यात कुणालाही उतरवू नका. आमचीच नाही, कुणाचीही माणसं नकोत... कारण? सांगते ना. तळापर्यंत उपसा, गाळ चाळून काढा. मी इथेच बसून राहते, लागेल तितके दिवस... नाही साहेब, आम्ही सगळे अजून वर आलो नाही. आमचा थोरला खाली आहे.