हरकत नाही

…नाही, पण मी म्हणते, ज्याला खड्डा दिसलाच नाही तो पडला तर एक वेळ समजू शकते, पण ज्याने आयुष्यभर फळ्यावर खड्डा काढून दाखवला, पोरांनो हा असा असतो, माणसं त्यात अशी पडतात, त्याने आपल्या पायांनी चालत जाऊन त्यातच पडावं? आणि वर घरी येऊन सांगावं, की खड्डा तसा बरा होता? दुसऱ्या कोणाचं नाही हो, आमच्या ह्यांचंच सांगतेय, दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल बोलायला मला वेळ कुठाय!

हे कॉलेजात सामाजिक मानसशास्त्र शिकवतात. म्हणजे एकटा असताना बरा शहाणा असलेला माणूस चारचौघांत गेला की त्याचं मेंढरू का होतं, हा विषय. आमच्या लग्नाच्या आधीपासून शिकवतात, माझ्यापेक्षा त्या विषयाशी जास्त बोललेत. दर वर्षी एक प्रयोग ठरलेला. फळ्यावर दोन रेघा, एक लांब, एक आखूड, झोपेतसुद्धा कळेल अशा. चार पोरांना आधीच पढवायचं, की म्हणा, सारख्या आहेत. पाचव्या बिचाऱ्याला काहीच माहीत नसतं, त्याला मुद्दाम शेवटच्या खुर्चीवर बसवायचं. पहिला म्हणतो सारख्या, दुसरा म्हणतो सारख्या, तिसरा, चौथा… पाचव्याची पाळी येईपर्यंत त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेला असतो, तोही म्हणतो, सारख्याच दिसतात सर! संध्याकाळी हे जेवताना हसायचे, घास हातात तसाच. म्हणायचे, "अगं, कान लाल झाले होते त्याचे. आणि एकाने जरी खरं सांगितलं असतं ना, तर हाही बोलला असता. एकच लागतो."

एकच लागतो! लक्षात ठेवा हं.

आता मला सांगा, आमच्या इमारतीची पाण्याची टाकी भरून वाहते, धो धो आवाज सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू येतो, आणि पंप बंद करायला कोणीही उठत नाही. हे खिडकीत उभे राहून मला समजावतात, की बघ, जितके जास्त लोक तितकी जबाबदारी वाटली जाते, प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. अगदी बरोबर. आणि जातं कोण? मी जाते! ओल्या जिन्यावरून, चप्पल हातात घेऊन! पोटापाण्याला माणूस हेच शिकवतो!

तर त्या दिवशी कॉलेजात बैठक. विषय काय, तर ह्यांचा विषय. संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं, की मानसशास्त्र पुढच्या वर्षीपासून बंद करावं, त्याची खोली कॉम्प्युटरला द्यावी आणि ह्यांना परीक्षा विभागात बसवावं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. प्राचार्य म्हणाले, एकेकाचं मत घेऊ, कोणाची हरकत आहे का बघू. आणि हे पोचले उशिरा. का? तर वर्गात रेघा पुसत होते! एकच खुर्ची उरलेली… कुठली, सांगा बघू?

शेवटची!

गणिताचे सर म्हणाले, हरकत नाही. इतिहासाच्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, तशी हरकत नाही. भूगोलवाले टेबलाकडे बघून म्हणाले, नाही. ग्रंथपाल नुसतेच खोकले, प्राचार्यांनी तो खोकलाही हरकत नाहीमध्ये धरला. आणि आली ह्यांची पाळी. स्वतःच्या विषयाच्या मानेवर सुरी धरलेली, सगळे ह्यांच्याकडे बघतायत, आणि आमचे हे काय म्हणाले असतील?

"माझी काही हरकत नाही."

पोटापाण्याला माणूस हेच शिकवतो हो!

मी विचारलं, बाकीचे का गप्प बसले? म्हणाले, स्वभावानेच भित्रे आहेत. मग तुम्ही? म्हणे, माझी परिस्थिती वेगळी होती. बघा हं, दुसरा गप्प बसला तर तो भित्रा, आपण बसलो तर परिस्थिती! हेही ह्यांच्याच पुस्तकात आहे, मीच कव्हर घातलंय त्याला. आणि रात्रीची भांडी होईपर्यंत म्हणायला लागले, तसा मला त्या विषयाचा कंटाळाच आला होता, गठ्ठे बांधणं डोक्याला शांत असतं. मी वळून बघितलं तर डोळे भरलेले. राग कुठल्या कुठे गेला माझा. खूप वाईट वाटलं हो.

पण खरी गंमत पुढेच. रविवारी ही सगळी मंडळी घरी आली, सांत्वनाला. गणिताचे सर म्हणाले, वहिनी, मला अजिबात पटलं नव्हतं, पण वाटलं बाकीच्यांना पटलंय. बाई म्हणाल्या, अगदी माझ्या मनातलं बोललात. भूगोलवाले म्हणाले, सर, आम्ही तुमची वाट बघत होतो, तुम्ही हरकत घेतली असती तर आम्हीही लगेच मत फिरवलं असतं. ग्रंथपाल म्हणाले, मी तर विरोधातच खोकलो होतो. म्हणजे खोलीभर माणसं विरोधात, आणि ठराव एकमताने पास!

मी पदर खोचला. म्हटलं, अजून वर कागद गेलेला नाही. उद्या सकाळी सगळे मिळून प्राचार्यांकडे जा आणि जे इथे बोललात तेच तिथे बोला. पहिलं कोण बोलणार तेवढं सांगा. एकच लागतो.

तुम्हाला सांगते, गणिताच्या सरांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी भूगोलाकडे, भूगोलाने ग्रंथपालांकडे, आणि ग्रंथपालांना ह्या वेळी खोकलासुद्धा आला नाही. मग सगळ्यांनी मिळून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी तोंड उघडलं… उघडलं हो, मी बघितलं, शब्द ओठांवर आला होता… आणि खाली वाकून कपबशीत बघत बसले.

किती वेळ उभी राहणार मी तशी? शेवटी विचारलं, आणखी चहा टाकू का?

गणिताचे सर म्हणाले, हरकत नाही. बाई म्हणाल्या, हरकत नाही. भूगोलवाले, हरकत नाही. ग्रंथपालांनी मान डोलावली. आणि शेवटच्या खुर्चीवरून आमचे हे म्हणाले,

"माझीही काही हरकत नाही."

काय करता… टाकला चहा.