चारुलताताईंच्या खिडकीखालचा खड्डा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हिंमतराव आबा, आपली कामं बाजूला ठेवून आलेले नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक उमाकांत साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या चारुलताताई, पहिल्या रांगेत बसलेल्या रमिलाबाई, आणि माझ्या कॉलनीतल्या बंधू-भगिनींनो,

मी सुनिता. ताईंच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे. म्हणून दोन शब्द बोलायचा मान मला मिळाला असावा.

हिवाळ्यातल्या सकाळी गावाबाहेर मिरची वाळत पडलेली असते. वारा इकडे वळला की त्या लाल उन्हाचा वास अंगणापर्यंत येतो. मी चहाचा कप घेऊन भिंतीशी उभी राहते, आणि कधीकधी मला वाटतं की हे सगळं आपण स्वप्नात पाहतोय. कारण आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आधी काय होतं, आठवतं ना? उकिरडा. कोणीतरी तो पेटवायचं, आणि त्यात मिरचीची देठं असली की सगळ्या गल्लीला ठसका लागायचा.

तेव्हाही घंटागाडी यायची. आपण एकाच पिशवीत सगळं कोंबून टाकायचो. गाडीवरच्या बाईचं नाव कोणाला ठाऊक होतं? एका सकाळी शिळ्या भाताच्या पिशवीतून फुटकी काच निघाली आणि तिचा तळहात चिरला. रस्त्यावर रक्त सांडलं. आपण दारात उभे राहून हळहळलो. ताई मात्र पदर सावरत रिक्षात बसल्या आणि तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. टाके पडेपर्यंत त्या तिच्याजवळ बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं, तिचं नाव रमिलाबाई, माहेर अक्कलकुव्याच्या पलीकडच्या डोंगरात, घरी भिली बोलतात.

ती काच कोणाच्या घरातली, हे ताईंनी कधीच विचारलं नाही. मला वाटतं, आपल्या कॉलनीचं जे काही जमलं ते तिथूनच जमलं. विचारलं असतं, तर आपण भांडलो असतो आणि उकिरडा तसाच राहिला असता.

रमिलाबाई कामावर परतल्या त्या सकाळी ताईंनी त्यांना आपल्या ओट्यावर बसवून चहा दिला आणि बायकांना हाक मारली. भाषण केलं नाही. आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "ह्या रमिलाबाई. यास्ना हात देखा." त्यांची दोन बोटं मिटत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात काचेसाठी वेगळा डबा दिसू लागला. तुमच्याही.

मग ओल्या कचऱ्याच्या खताचा प्रश्न आला. मोकळ्या प्लॉटवर खड्डा खणला, तेव्हा आपल्या अध्यक्षांनी हरकत घेतली. आबा, रागावू नका, तुमचं घर शेजारीच होतं, आणि वासाची भीती खोटी नव्हती. तुम्ही नगरपालिकेत अर्ज दिला आणि खड्डा बुजला. बायका हिरमुसल्या. पुन्हा सगळं एका पिशवीत जाणार, असं वाटायला लागलं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून कुदळीचा आवाज आला. पाहते तर ताई आणि त्यांचा मुलगा ललित स्वतःच्या अंगणात, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली खणत होते. मी म्हटलं, ताई, इथे? त्या घाम पुसत म्हणाल्या, "वास उना तं पहिले मन्हाच नाकमा जाई."

वास आला नाही असं नाही. पहिल्या पावसाळ्यात आला. ताईंनी वाळका पाला आणला, माती टाकली, खिडकी मात्र उघडीच ठेवली. हळूहळू तिथून ओल्या रानासारखा वास यायला लागला. एकदा तर मी झोपेतही त्या वासाने कोरीट गावी मामांच्या शेतात जाऊन आले.

आता ललितची बदली सुरतेला झाली, ताईही त्याच्याबरोबर निघाल्या, घर विकलं गेलं, आणि नव्या मालकांना अंगणात फरशी घालायची आहे. परवाच्या बैठकीत ताईंनी विचारलं, खड्डा कोण घेतं? जो तो आपापल्या अंगणाची अडचण सांगू लागला. खाली मान घालून बसलेल्या ताई मी पहिल्यांदाच पाहिल्या. तेव्हा मागून आबांच्या पत्नी कौसाबाई उठल्या. बैठकीत त्यांना कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "आमना आंगनमा जागा शे."

आबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कोनता बाजूले खनू?"

मंडळी, शहर स्वच्छ कशाने होतं, हे उमाकांत साहेब मला नेहमी विचारतात. मी त्या बैठकीत होते, एवढंच सांगते.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात आबांना किंवा कोणालाही लागेल असं काही निघालं असेल, तर ते मनात ठेवू नका. आणि ताई, सुरतेत तुमचं घर नवव्या मजल्यावर आहे म्हणे. तिथे गाडीवर कोण येतं, त्यांचं नाव आम्हाला फोन करून कळवा.