मामानं चाखलेलं मीठ

मशीननं लवकर रिपोर्ट दिला म्हणून कोणी घाबरते का? मी घाबरलो, गड्याहो!

चिकनमधले जंतू एका दिवसात पकडणारी मशीन आमच्या वर्ध्याच्या लॅबमध्ये नवीनच आलती. समुद्रपूरच्या मामानं नव्या जावयासाठी आणलेल्या चिकनचा एक तुकडा मी तपासाले नेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच रिपोर्ट आला: साल्मोनेला! मी लगेच फोन लावला.

"मामा, चिकनमधी जुलाबाचे जंतू निंघाले!"

"शिजवलं का मरतीन ना?"

"शिजवल्यावर मरतीन."

"मंग काऊन घाबरून राह्यला? रातभर मसाल्यात मुरलं हाय. मीठ एकदम बराबर."

"शिजवलंच नाई, तं मीठ कसं समजलं?"

"मसाला बोटानं चाखला ना! माह्यावर भरोसा नाई म्हणून जावयालेबी दोनदा चाखवला!"