चिमाजीनं ताडपत्री उचलली नाही

हॅलो? … हॅलो, कोण? … आक्का! केसरआक्का, तू व्हय? … अगं, चाकणहून ट्रंक कॉल? कंपनीत कशाला केलास? … आडत्याच्या दुकानातून? बरं, बरं… बोल. पण हळू. टाइम ऑफिसात हाय मी, काचेबाहेरनं सगळे बघत्यात.

हो… हो… चालतीय ना गाडी? … पुढचं सूप उचलतंय? … तीन गोणी एका दमात! … हो गं, गवत कापायची गाडीच ती, जुने साहेब वर बसून चालवायचे. भंगारात काढली, मी रीतसर घेतली. इंजिन काढलं, मोटार बसवली, पुढं पत्र्याचं सूप जोडलं… कसला इंजिनेर! फिटर तो फिटरच.

मान कशी हाय तुझी? … आठ दिवस डोक्यावर पाटी न्हाई? … लई बरं वाटलं बघ.

आक्का, ऐक ना… अगं, ऐक ना! गाडी बंद कर… न्हाई, बिघडली न्हाई. त्या दोन बॅटऱ्या मला परत पाहिजेत. आजच…

कारण त्या माझ्या न्हाईत.

… कंपनीच्या. … हो, चोरल्याच म्हण. अगं, मी आणलेल्या जुन्या दम धरीनात, आन तू मान धरून बसलेली. खंडेनवमीला मशिनी बंद. पूजा झाली, सगळे पेढे खात होते. तेवढ्यात माल वाहायच्या ट्रॉलीतनं दोन काढल्या, गवताच्या गाडीवर ठेवल्या, वर ताडपत्री टाकली. म्हटलं, दुसऱ्या मिळाल्या की गुपचूप आणून ठेवीन…

पास होता की! पण गाडीचा. गेटवर ताडपत्री उचलून बघायची असती. वॉचमन म्हणाला, "साहेबराव, तुमचं काय बघायचं? जावा." … तेच खातंय मला, आक्का. बॅटऱ्या गेल्याचं कळलं, आन गेटवर बघितलं न्हाई म्हणून त्याला घरी बसवलाय. माझ्यासमोरनं गेला, खाली मान घालून. आन मी मूग गिळून उभा…

नाव? चिमाजी. का गं?

… खाकी पँट? … कपाळावर खोक? … सोमवारपासनं तुमच्याकडं हमालीला?

माझ्याच गाडीत गोण्या भरतोय?

… हो ऑपरेटर बाई, अजून तीन मिनिटं द्या! लाइन तोडू नका… हॅलो? आक्का? त्यानं बॅटऱ्या बघितल्या का? … वाकून? … काय पुसलं? … अगं, ते पूजेचं हळदकुंकू. ती बोटं त्यानंच ओढलेली, त्याच्याच हातची… रुमाल ओला करून? … सगळं पुसलं?

… काय म्हणाला तुला?

… "भावानं बहिणीसाठी लई चांगलं केलं"? … एवढंच?

दे त्याला फोन… येत न्हाई म्हणतोय? … बरं. मग तूच सांग. म्हणावं, गोणी खाली ठेव. बॅटऱ्या सोडव, एसटीत टाक आन उद्या फर्स्ट शिफ्टला गेटवर ये… मी? मी आत्ता साहेबांच्या केबिनमध्ये चाललोय… न्हाई आक्का, आता गप्प बसायला सांगू नको. आठ दिवस बसलो.

… कामावरनं काढलं तर काढलं.

अगं, रडतीस काय? … तुझी पाटी मी उचलीन. ठेवतो.