पट्ट्यावरची हळद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, सकाळी मोटरसायकलचा पट्टा तुटला. आमचे हे नाल्याच्या उतारावर पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याच्या दवाखान्यात वारले.

तुम्ही लिहून घेऊन राह्यले म्हणून हळू सांगते, अन् पहिल्यापासून सांगते, नाहीतर पट्टा काय अन् हळद काय, तुमाले काही समजणार नाई.

माझं माहेर सिंदीचं, रेल्वेच्या सिंदीचं. वडील शिंपी, ठेसनाच्या रस्त्यावर दुकान. मले वाचायचा नाद, दुकानात जुन्या वर्तमानपत्रात बांधून जे येई ते उलगडून वाचत बसायची, अन् वडील म्हणत, पोरी, वाच, पण हाताले काम ठेव. मशीनवर त्यांनी मले कधी बसवलं नाई, काजं मात्र करवून घेतली. काज काठापासून किती आत घ्यायचं ते बोट ठेवून दाखवत. म्हणत, कापड मधून फाटत नाई, फाटतं ते भोकापासून. हे मी ऐकलं होतं, शेकडो वेळा ऐकलं होतं, अन् ज्या दिवशी कामी पडायले पाहिजे त्या दिवशी आठवलं नाई.

मग मी शिकली, नाचणगावले लग्न होऊन आली, अन् पुलगावच्या मुलींच्या शाळेत बाई म्हणून लागली. घरात आम्ही तिघं, मी, हे, अन् आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे ढोरांच्या दवाखान्यात होते. डॉक्टर नव्हते, डॉक्टरच्या हाताखालचे, पण खेड्यापाड्यात डाक्टरसाहेबच म्हणत, कारण खरे डॉक्टर खुर्चीवर राहत अन् हे गोठ्यात राहत.

त्यांची ती मोटरसायकल. काय सांगू तुमाले, तशी गाडी तुम्ही पाहिली नसणार. कोण्या गोऱ्या साहेबानं जाताना इथंच टाकलेली, दोन-तीन हात फिरून आमच्याकडे आलेली. तेव्हाच्या गाड्यांले साखळी असे, हिले साखळी नाई, चामड्याचा पट्टा. इंजिनाजवळ एक लहान चाकी, मागच्या चाकाले एक मोठी कडी, दोघींले खाच, अन् त्या खाचेत बसणारा पट्टा, वरून रुंद, खाली निमुळता. पट्ट्याची दोन टोकं लोखंडी आकड्यानं जोडलेली. पुलगावचे फिटर हसत, म्हणत, डाक्टर, हे गाडी नाई, पिठाची चक्की आहे, दळण आणू का. हे म्हणत, आणा, पण तुमालेच फिरवा लागन.

आमच्या घरी बैल नव्हता. शेतीच नव्हती त बैल कुठून येईल. गावात पोळा आला की घरोघर बैल, अन् गावच्या बैलांले ज्याचा हात लागे त्याच्याच दारात बैल नाई. लोकं चिडवत, डाक्टर, तुमचा बैल कुठी आहे, अन् हे अंगणातल्या मोटरसायकलकडे बोट दाखवत. म्हणत, हा काय, फक्त शेपूट नाई त्याले.

त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या मनात काय आलं कोण जाणे. आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात, जूवानं घासलेल्या खांद्याले तेल-हळद लावून चोळतात, अन् त्याले आवतन देतात, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. शेजारी चाललं होतं. मी वाटीत गोडंतेल घेतलं, हळद कालवली, अन् गाडीजवळ जाऊन बसली. टाकीले लावलं. मग विचार केला, बैलाचा भार खांद्यावर, हिचा भार कशावर. पट्ट्यावर. म्हणून पट्ट्याले चोळली, चांगली चोळली, चाक फिरवून फिरवून सगळीकडून. चामड्याच्या वस्तूले तेल लावतात, मोटेले लावतात, बैलाच्या सामानाले लावतात, वहाणेलेही लावतात, त मले त्यात वावगं काही वाटलं नाई. आवतन पण दिलं. हे दारात उभे राहून पाहून राह्यले होते, एवढे हसले की आत्याबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, काऊन हासता रे, बैलाले हासत असतात का.

पोळ्याच्या दिवशी हे गाडी घेऊन निघाले अन् कोसभर गेले नाई तर परत आले, गाडी ढकलत. इंजिन फिरते, चाक फिरत नाई, पट्टा नुसता घसरते. मी विचारलं, माझ्या तेलानं का. हे म्हणाले, नाई वो, पट्टा जुना झाला, ढिला पडला. अन् दुपारी अंगणात बसून त्यांनी पट्टा दोन बोटं कापून आखूड केला अन् नवीन भोक पाडून आकडा लावला. ताणून बसला, घसरला नाई. मी पुरणाच्या पोळ्या करत होती, खिडकीतून पाहून राह्यली होती. अवजारं सारी दवाखान्याच्या पेटीत, सणाचं कोण उघडेल. भोक कशानं पाडलं ते मी पाहिलं, पण पाहिलं हे मले पुढं दोन महिन्यांनी समजलं.

करीच्या दिवशी ढोराच्या डॉक्टरले उसंत नसते. आदल्या दिवशी लोकं बैलाले मायेनं पुरणाची पोळी चारतात, चारतात म्हणजे अती चारतात, अन् सकाळी बैलाचं पोट फुगते. एका गावाहून बोलावणं आलं, हे गेले, बैल वाचवला, अन् परत येताना आपल्या गावाच्या अलीकडच्या नाल्याच्या उताराले पट्टा तुटला अन् तुटून मागच्या चाकाले गुंडाळला. चाक जाम झालं. पुढचं मी सांगितलं आहे.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी आत्याबाई चुलीजवळ बसल्या बसल्या म्हणाल्या, तू तेल चोपडलं सूनबाई, अन् माह्या लेकाले घसरवलं. मोठ्यानं नाई बोलल्या. मोठ्यानं बोलल्या असत्या त मी रडली असती. मी आपली विचार करत बसली की हे खरं आहे का. बघा, दुःख होतंच, पण त्याच्याही वर एक प्रश्न बसला होता, अन् तो मले शाळेत फळ्यासमोर उभी असताना सुद्धा सोडत नव्हता. तेलानं चामडं तुटते का. मोटेले लावतात, मोट काऊन तुटत नाई.

तुटलेला पट्टा लोकांनी गाडीसोबत अंगणात आणून टाकला होता. तो मी पिशवीत घातला अन् विचारत सुटली. पुलगावचा मोची म्हणाला, तेलानं चामडं टिकते बाई. सायकलवाला म्हणाला, तेलानं सडते. एक म्हणाला नशीब. शेवटी कोणीतरी सांगितलं, हिंगणघाटले जिनिंगमध्ये गोमाजी वस्ताद आहे, सगळ्या कारखान्याचे पट्टे तोच जोडते, त्याले दाखवा. दिवाळीच्या सुट्टीत मी आगगाडीत बसली, वर्ध्याले बदलली, अन् हिंगणघाटले उतरली.

गोमाजी घरी होते. पन्नाशीचा माणूस, बारीक, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. ते मागल्या वर्षी नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलेले, भिंतीवर देवांच्या तसबिरीच्या जागी बुद्धाची एक तसबीर, बाकी खिळे रिकामे. त्यांच्या घरवालीनं पाणी दिलं. आमच्या घरच्या रीतीनं मी ते प्यायले नको होतं. मी प्याली. तिनं पाहिलं, मग चहा ठेवला.

मी सगळं सांगितलं, पोळा, तेल, आवतन, सगळं. गोमाजी म्हणाले, पोळा आता आमच्या घरी नाई होत बाई, पण गाडीले आवतन दिल्याचं म्या बापजन्मात नाई ऐकलं. मग हसू आलेलं त्यांनी आवरलं, मी बाई माणूस, अन् गळ्यात काही नाई, हे पाहून. मी म्हणाली, हसा, ते पण हसले होते.

त्यांनी पट्टा उजेडात नेला, उंबऱ्यात बसले, अन् किती तरी वेळ नुसता बोटांनी चाचपडत राह्यले. मग म्हणाले, इकडं या, तुमी शिकलेल्या आहा, वाचून पहा. ही हळद. दोन्ही बाजूंनी आहे, जुन्या भोकात पण आहे. आता हे नवीन भोक पहा, जिथून तुटला ते. आत हळद आहे का.

नव्हती. आतलं चामडं कोरं होतं.

म्हणाले, म्हणजे भोक तेलाच्या मागून पडलं. आता याचा आकार पहा. भोक गोल पाह्यजे, हे तीन कोनी आहे, अन् प्रत्येक कोनातून एक चीर निघाली. अन् काठ पहा, बोटभर पण नाई सोडला. हे भोक कशानं पाडलं हो.

तेव्हा मले खिडकीतून पाहिलेलं दिसलं. बैलाचं पोट फुगलं की त्यातला वारा काढायले एक जाड सुई असते, तिचं टोक तीन धारांचं असते. ती ह्यांच्या पिशवीत असे, दवाखान्याच्या पेटीत नाई. तीच घेतली होती. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सुईनं तो बैल वाचवला.

मी विचारलं, म्हणजे माझं तेल नाई.

गोमाजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाले, तेलानं पट्टा घसरते, तुटत नाई. तुटते ताणानं अन् भोकानं. पण घसरला नसता त त्यानं कापला काऊन असता. तेल तुमचं, भोक त्याचं. पण एक गोष्ट मले उमजत नाई. डाक्टरले ती गाडी चालवता किती वर्षं झाली. मी म्हणाली, सहा. म्हणाले, सहा वर्षं पट्ट्याची गाडी हाकलणाऱ्या माणसाले हे ठाऊकच असते की तेल लागलं त घासलेट अन् चिंधीनं पुसा, वरतून खडूची भुकटी मारा, झालं. दोन घडीचं काम. त्यानं पुसलं काऊन नाई.

मले ठाऊक होतं. पोळ्याच्या दुपारी मीच चिंधी घेऊन गेली होती, म्हणाली होती, पुसून देऊ का. हे म्हणाले, राहू दे, सणाची हळद आहे, कर झाल्याशिवाय पुसत नसतात. मले तेव्हा बरं वाटलं होतं.

घरी आली तर आत्याबाई ओट्यावर. म्हणाल्या, काय म्हणे तो. मले वाटलं होतं, अर्धं सांगावं, भोकाचं सांगावं अन् तिथंच थांबावं. पण मी सगळं सांगितलं, चिंधीचं पण. आत्याबाईंनी पट्टा मांडीवर घेतला, हळदीवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, माहा लेक लहान होता तेव्हा आमच्या घरी बैल होता, त्याच्या खांद्याची हळद तो कोणाले पुसू नाई द्यायचा. मारामारी करे. त्या दिवशी आम्ही दोघी एका ताटात जेवलो.

ह्यांच्या जागी जे नवे डॉक्टर आले ते आमच्याच पुढच्या खोलीत राहिले, गाडी त्यांना पाहिजे होती. मी म्हणाली, घ्या, पण पट्टा गोमाजी वस्तादांच्या हातचा लागल. वस्ताद एका रविवारी चामड्याचा नवीन पट्टा घेऊन आले. पहिले चाकीची अन् कडीची खाच घासलेटनं धुतली, तेल कुठं राहू नाई दिलं. मग म्हणाले, दोरा आणा. शिंप्याच्या लेकीच्या घरी दोऱ्याले काय कमी. दोऱ्याचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी, अन् चाकीपासून कडीपर्यंत ताणून पाहिलं त मागचं चाक जरासं वाकडं, पट्टा एका अंगाले घासला जाईल इतकं. ते सरळ केलं. पट्टा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, कापला. भोक पाडताना पोकळ पंच वापरला, त्यातून चामड्याची गोल टिकली बाहेर पडली, ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, टिकली निघाली म्हणजे भोक खरं. चिरून पाडलेलं भोक चिरतच जाते. काठ किती सोडायचा हे दाखवायले त्यांनी अंगठा आडवा ठेवला, अन् मी वडिलांचं काज सांगितलं. म्हणाले, मग तुमाले सारं ठाऊकच होतं की. मी म्हणाली, होतं. मग पट्टा बसवून मधात बोटानं दाबून दाखवला, थोडा दबला पाहिजे, तारेसारखा नको. नव्या डॉक्टरांले बजावलं, पहिले पाच कोस बैलगाडीच्या चालीनं जाजो, नवं चामडं लांबते, मग एक डाव कमी करून घेजो, पण या बाईंले विचारून.

अन् ते खरंच विचारत. महिन्यातून एकदा गाडी अंगणात उभी करत, मी बोटानं दाबून पाहायची, मग जात.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरातच होती, मले बाहेर जायचं नव्हतं. आत्याबाई वाटी घेऊन अंगणात गेल्या. टाकीले हळद लावली, दिव्याले लावली, बसायच्या जागेले लावली. अन् लावताना दुसऱ्या हातानं पदराचं टोक पट्ट्यावर धरून ठेवलं, थेंब पडू नये म्हणून. आवतनही दिलं. मग मले हाक मारली, सूनबाई, ये, पाहून घे, कुठं उडालं त नाई.

त्यालेही आता किती वर्षं झाली. नव्या डॉक्टरांची बदली झाली, त्यांनी साखळीची गाडी घेतली, जुनी भंगारात गेली. गोमाजी गेले, आत्याबाई गेल्या. मी शाळेतून निवृत्त झाली. शेवटच्या वर्गापर्यंत मुलींले शिवण शिकवताना काज काठापासून अंगठाभर आत घ्यायले सांगायची, अन् काऊन असं विचारलं की सांगायची. तुमचं बरं होवो, एवढं बसून ऐकलं.

माझ्या पेटीत दोन वस्तू आहेत. चामड्याची एक टिकली, अन् वीतभर पट्टा. पट्ट्यावर हळद आहे.