हिरवी पिकअप सरळ चालायला लागली

...आणि वर पोरगी मलाच विचारते, “डॅड, कडेची पांढरी रेघ दिसते का हो तुम्हाला?” आता तुम्हीच सांगा, या रस्त्यावर साठ वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला हा प्रश्न? दिसते की! चांगल्या दोन-दोन दिसतात!

दोष गाडीचा होता. अठ्ठ्याहत्तर सालची पिकअप ती, स्टेअरिंगमध्ये एवढा खेळ की गावात वळायचं तर शेताच्या फाटकापासूनच चाक फिरवायला घ्यावं लागायचं! जरा इकडे जायची, जरा तिकडे... जाणारच, वय झालं तिचं! पण जनेलला कोण सांगणार? माझी एकुलती एक मुलगी, शाळेची बस चालवते, म्हणजे जगातल्या यच्चयावत ड्रायव्हरांना नापास करायचा हक्क मिळाला. म्हणे, लोक येऊन तिला सांगतात, तुझ्या बापाला अख्खा रस्ता पुरत नाही. कोण लोक? नाव घे ना! तर नाव काही घेईना. आणि आमच्या नॉर्थ डकोटात तोंडावर वाईट बोलायची पद्धतच नाही हो, तुमच्या घराला आग लागली तरी शेजारी येऊन म्हणेल, “आज जरा उकडतंय, नाही?”

बरं, तक्रार असती तर लोकांनी असा मान दिला असता? तुम्हाला सांगतो, समोरून गाडी आली की स्टेअरिंगवरून एक बोट उचलायचं, हा आमचा रामराम. सगळ्यांना एकच बोट, पाद्रीसाहेबांनासुद्धा. आणि मला? गेली दोन वर्षं मी लांबून दिसलो की लोक गाडी कडेच्या गवतात घालून उभे राहतात आणि दोन्ही हात हलवतात! दोन्ही! म्हटलं, एवढ्या बिघडलेल्या जगात म्हाताऱ्याची किंमत आहे अजून.

म्हणून मी छातीठोकपणे पैज लावली. म्हटलं, जनेल, दोष गाडीचा आहे, गाडी ठीक करून घेतो, आणि त्यानंतर कुणी एक शब्द बोललं तर चावी तुझी! चावी गेली म्हणजे काय उरतं हो माणसाचं? सगळ्यात जवळचा कॉफीचा कप अकरा मैलांवर.

नेली डुएनकडे. डुएन मेकॅनिक आहे, पण चेहरा डॉक्टरचा, तोही वाईट बातमीवाल्या. मागचं फळकं उघडलं आणि बघतच बसला... वाळूची पोती! आता हिवाळ्यात बर्फावर मागची चाकं घसरू नयेत म्हणून पोती सगळेच टाकतात, मी जरा जास्त टाकली, आणि उन्हाळ्यात काढायची राहिली... चार उन्हाळे. एका पोत्यात गवत आलं होतं, तर हा म्हणतो, “कापणी कधी?” म्हणजे बघा, मागे एवढा भार, पुढची चाकं अधांतरी, आणि नाव कुणाचं? माझं! दोष गाडीचा होता, डुएनच्या तोंडून सिद्ध झालं. मग मी सोडतो काय? स्टेअरिंगचा डबा नवा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश नवे, चारी टायर नवे! लाइल, माझा कॉफीचा सोबती, म्हणाला, “हॅल्वर, एवढं सगळं कशाला करतोस?” आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटलं, जळतोय.

रविवारी जनेल म्हणाली, आधी मी चालवून बघते. बघ म्हटलं! मी शेजारी. आणि काय सांगू, गाडी अशी चालली, अशी चालली... जनेलचं एक बोट चाकावर, आणि गाडी रेघेला धरून सरळ! मला तर भरून आलं. म्हटलं, बघितलंस? दोष गाडीचा होता!

तेवढ्यात समोरून लाइल आला. अर्ध्या मैलावरून आमची हिरवी गाडी बघितली, आणि गेला गवतात! थांबला, दोन्ही हात हलवायला लागला. आम्ही सरळ येतोय हो, अगदी सरळ! जवळ आलो, त्याला चाकामागे जनेल दिसली... आणि हात खाली आले. ओशाळला. मग एक बोट उचललं.

त्याच्यामागे पाद्रीसाहेब. आधी गवत. मग जनेल दिसली. मग एक बोट.

जनेलनं पुढच्या फाट्यावर गाडी थांबवली, म्हणाली, “आता तुम्ही घेता?”

मी म्हटलं, “नको, गुडघा दुखतोय.”

गुडघा माझा जन्मात दुखला नाही.

आता चावी तिच्या स्वयंपाकघरात टांगलेली असते. रविवारी मला कॉफीला नेते, बसमधल्या पोरांसारखा पट्टा लावायला लावते. गवतात कुणी जात नाही आता, सगळे एक बोट उचलतात. मीही उचलतो, शेजारच्या सीटवर बसून... कुणाला दिसतं, देव जाणे.

दोष गाडीचाच होता, मी अजून म्हणतो. बिचारीनं इतकी वर्षं माझं सगळं स्वतःच्या पोटात घातलं होतं, आणि मीच तिला नेऊन सरळ करून आणली.